भालूकाकांची थ्री नॉट थ्री

भालूकाका आपटे बंदूक घेणार, ही बातमी मला सुमनकाकूंनी पोळ्या लाटता लाटता दिली.

"घरात कोळी दिसला की मला हाक मारतात," त्या म्हणाल्या, "आणि आता म्हणे मूसच्या मागे जाणार. मूस बघितलायस का कधी? इकडचं ते सांबर, आपल्या व्हॅनएवढं असतं."

मी कॅनडात, हॅमिल्टनला त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहत होते आणि एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करत होते. माझे आईवडील नाशिकला, त्यामुळे रविवारी हक्काने जेवायला जायचं घर हेच. काका सत्तरच्या दशकात इकडे आलेले, सगळी नोकरी स्टीलच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट म्हणून केलेली. अंगाने किरकोळ, आवाज मात्र रोलिंग मिलच्या वर ऐकू जाईल असा. नाव भालचंद्र. कारखान्यातले गोरे त्यांना 'बॅल' म्हणायचे आणि आपले लोक भालू.

काकांना कुठलीही वस्तू घेण्यापूर्वी तिचा अभ्यास करायचं व्यसन होतं. आणि अभ्यासाच्या शेवटी सिद्धांत ठरलेला: "वस्तू एकच घ्यावी, पण ती सगळ्याला चालली पाहिजे." या सिद्धांतापायी त्यांच्या घरात एक सोफा-कम-बेड होता, ज्यावर धड बसताही येत नसे आणि झोपताही येत नसे. एक कोट होता, त्याला आतून तीन अस्तरं. जानेवारीत ती सगळी चढलेली असत, आणि एप्रिलपासून काका एकेक अस्तर काढून जिथे असतील तिथे विसरून येत. गाडीला टायर ऑल सीझन. विंटर टायर हे कंपन्यांचं कारस्थान आहे असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा ग्वेल्फहून येताना बर्फात गाडी सरळ चरात गेली, तर काका चरात उभे राहून टो-ट्रकवाल्याला रबराची रासायनिक घडण समजावून सांगत होते. काकू गाडीतच बसून होत्या. "ऑल सीझन म्हणजे कुठल्याच सीझनला नाही," एवढंच त्या काच खाली करून म्हणाल्या, आणि काच परत वर केली.

तर असा माणूस रायफल घ्यायला निघाला, तो रॉनमुळे.

रॉन त्यांचा कारखान्यातला सोबती. काकांचा पहिला हिवाळा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कामावर येईपर्यंत बोटं निळी पडलेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लॉकरमध्ये बर्फातले बूट ठेवलेले. कोणी ठेवले, कोणी बोलेना. मोठे होते, वर्तमानपत्र कोंबून काकांनी तो हिवाळा काढला. पुढे कळलं की ते रॉनच्या भावाचे, गॅरीचे. रॉनने ते न विचारता उचलून आणले होते. "तेव्हापासून मी त्या दोघांच्या ऋणात आहे," काका सांगायचे. अशा वेळी त्यांचा आवाज एकदम साधा व्हायचा.

रॉन आणि गॅरीचा उत्तरेला, पॅरी साउंडच्या पलीकडे, एक कॅम्प होता. कॅम्प म्हणजे तंबू नव्हे. तळ्याकाठचं लाकडी खोपटं, त्यात एक चुलाणं आणि दोन बाकडी. दर नोव्हेंबरात दोघे भाऊ तिथे हरणाच्या शिकारीला जात. मग गॅरी वारला. रॉनची सत्तरी उलटलेली, एक खुबा बदललेला. त्याच्या मुलीने, कॅरनने, स्पष्ट सांगितलं: "डॅड, एकट्याने जायचं नाही. सोबतीला कोणी मिळत नसेल तर कॅम्प विकून टाकू." ती बिचारी चुकीचं बोलत नव्हती. हे सगळं रॉनने कॉफी पिताना सांगितलं, आणि काका म्हणाले, "मी येतो."

"जा की," काकू म्हणाल्या. "खिचडी करून घाला त्याला. बंदूक कशाला?"

"सोबती म्हणून जायचं तर सोबत्यासारखं जायचं, सुमन. आचारी म्हणून नाही."

"पण तुम्ही मारणार आहात का?"

"अजिबात नाही."

"मग?"

"मारायचं नाही, हे तत्त्व झालं. मारता येत नाही, हे काही तत्त्व नव्हे. माणसाला मारता आलं पाहिजे आणि मग त्याने मारू नये."

यावर काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पोळी तव्यावर टाकली.

बंदुकीच्या लायसनसाठी आधी कोर्स करावा लागतो. काका शनिवार-रविवार डबा घेऊन गेले. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं आणि ब्रॅम्प्टनहून आलेले एक सरदारजी. काकांनी नाव सांगितल्यावर सरदारजी म्हणाले, "भालूजी, आप शिकार करने जा रहे हो या होने?" काकांना हा विनोद फार आवडला. ते तो प्रत्येकाला सांगत, गोऱ्यांना इंग्रजीत सांगत, आणि मग भालू म्हणजे हिंदीत अस्वल, हे समजावण्यात त्यातला जीव जाई. परीक्षेत त्यांना उत्तम मार्क पडले. शिवाय नळीचं पोलाद कसं बनतं यावर त्यांनी मास्तरांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

अडलं ते अर्जावर. तिथे बायकोची सही मागतात, आणि ती नसली तर सरकार बायकोला स्वतः कळवतं. काकू सही करेनात. काकांनी अहिंसेवर व्याख्यान दिलं, रॉनच्या उपकारांची उजळणी केली, एक दिवस स्वतः भांडी घासली. शेवटी काकूंनी अट घातली: "सही हवी ना? गाडीला विंटर टायर लावा."

त्या डिसेंबरात आपट्यांच्या गाडीला विंटर टायर लागले. सिद्धांताला पडलेलं हे पहिलं भगदाड, पण काकांनी ते मोठ्या मनाने सोसलं.

लायसन आलं, आणि खरा अभ्यास सुरू झाला. रायफल अशी हवी होती की रेंजवर कागदावर नेम धरायला चालेल, डबे उडवायला चालेल, हरणाला पुरेल, मूसला पुरेल आणि वेळ आलीच तर अस्वलालाही. वर थंडीत अडकायला नको, खांद्याला लागायला नको, गोळ्या कुठल्याही खेड्यात मिळायला हव्यात. "अष्टपैलू," काका म्हणायचे. यातलं काहीच ते मारणार नव्हते, हे मी एकदा सुचवलं. तर म्हणाले, "अगं, प्रेशर कुकरची शिटी उडाली नाही म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकतेस का तू?"

रॉनने पहिल्याच दिवशी सल्ला दिला होता: साधी, हाताने खिट्टी ओढून भरायची बोल्टची रायफल घे, नेहमीच्या कॅलिबरची, आणि सराव कर. बाकी सगळा वेळेचा अपव्यय. काकांना हे फारच वरवरचं वाटलं. त्यांनी कॅटलॉगमधली चित्रं कापून फ्रिजवर चिकटवली आणि मुलीसाठी स्थळं बघावीत तशी छाननी चालू केली. ही हरणाला ठीक, पण मूससमोर हिचा निभाव लागायचा नाही. ही मूसला भारी, पण खांदा निखळवेल. ही दिसायला देखणी, खटका ओढायची तऱ्हा जुन्या वळणाची, पण लांबच्या पल्ल्याला उपयोगाची नाही. काकू फ्रिजमधून दूध घेताना ती चित्रं इकडची तिकडे करायच्या, आणि काका परत पहिल्यापासून सुरू करायचे.

प्रत्यक्ष पाहण्याचे कार्यक्रमही झाले. "तू सोबत जा," काकू मला म्हणाल्या, "नाहीतर तोफ घेऊन येतील." दुकान गावाबाहेर, मासे पकडायच्या गळापासून सगळं विकणारं. काकांनी बरोबर लोकरीचे हातमोजे आणले होते, ते घालून बोट खटक्यापर्यंत जातं का बघायला. भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटाही आणला होता, कारण कंपनी वजन सांगते त्यावर विश्वास ठेवू नये. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा, अतिशय सभ्य. त्याला वाटलं, कुठल्यातरी खात्याचे इन्स्पेक्टर आलेत.

काका त्याला म्हणाले, "तुलनेसाठी मला आधी एक थ्री नॉट थ्री दाखव."

मुलगा जरा थांबला. "थ्री, सर?"

"नॉट थ्री."

"ओके. नॉट थ्री." त्याने मान डोलावली. "मग किती, सर?"

"थ्री नॉट थ्री," काका आवाज चढवून म्हणाले. मोठ्याने बोललं की इंग्रजी जास्त कळतं, अशी त्यांची समजूत होती.

"म्हणजे थ्री हव्यात की नकोत, सर?"

मी मध्ये पडणार होते, पण मला स्वतःलाच कळत नव्हतं. नाशिकला आमच्या गल्लीतला पोलीस थ्री नॉट थ्री घेऊन उभा असायचा, एवढीच माझी माहिती. आतून एक म्हातारा कामगार आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, "अरे, हे थ्री-ओ-थ्री म्हणतायत. ब्रिटिश." आणि जुन्या मालातून एक रायफल आणून समोर ठेवली. लष्करातली, पुढचं लाकूड कापून शिकारीसाठी सुटसुटीत केलेली.

काकांनी ती उचलली. सांगलीच्या कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी हीच चालवली होती. हात आपोआप जिथे जायला हवेत तिथे गेले, खांदा पुढे आला, एक डोळा मिटला, आणि काउंटरपाशी उभा असलेला म्हातारा अठरा वर्षांचा दिसायला लागला. मला ते फार आवडलं. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"ही नको," ते म्हणाले. "ही आठवणीत ठीक आहे. आपल्याला डेटावर जायचंय."

आणि मोजे घालून पुढचं स्थळ पाहायला लागले.

पहिला नोव्हेंबर असाच गेला. त्या वर्षी रॉनबरोबर त्याचा पुतण्या गेला आणि सिग्नल मिळावा म्हणून फोन वर धरून तळ्याकाठी फिरत राहिला. दुसऱ्या वर्षी कॅरनचा नवरा गेला. तो रात्रभर घोरला आणि दिवसा थंडीबद्दल बोलला. दोघेही परत जायला तयार होईनात. काका अजून चित्रंच हलवत होते. तिसऱ्या वर्षी, म्हणजे अठरा सालच्या उन्हाळ्यात, कॅरनने कॅम्प विकण्यासाठी एजंटशी बोलणं केलं. या नोव्हेंबरात सोबत नसेल तर संपलं, असं तिने बापाला सांगितलं. रॉनने ते काकांना नुसतं सांगितलं. विनवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

तरी काकांचं ठरेना. मला आता राग यायला लागला होता. रविवारी मी काकूंना म्हटलं, "एक रायफल घ्यायला तीन वर्षं? रेंजवर रॉनच्या रायफलने सराव करतात तेव्हा चांगला नेम लागतो म्हणे."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. "नेम चुकत नाही यांचा," त्या म्हणाल्या, "हीच तर पंचाईत आहे. रायफल आली की जावं लागणार. गेलं की हरीण समोर येणार. मग हे गोळी उडवणार का, आणि नाही उडवली तर रॉनला काय सांगणार? म्हणून रायफल मिळत नाहीये."

इतकी साधी गोष्ट मला तीन वर्षांत कळली नव्हती. रॉनला नाही म्हणणं काकांना जमत नव्हतं आणि हरणाला मारणंही. त्या फ्रिजवरच्या चित्रांची मला एकदम कीव आली.

दसऱ्याला आपट्यांकडे शस्त्रपूजा असायची. शस्त्रं म्हणजे काकांचा व्हर्नियर कॅलिपर, स्नोब्लोअर, काकूंची विळी, माझ्या नावाने एक स्टेथोस्कोप (मी फार्मसिस्ट आहे, मला तो लागत नाही, हे काकांनी कधी ऐकून घेतलं नाही). आपट्यांच्या घरी आपट्याची पानं नसल्यामुळे सोनं म्हणून मेपलची पिवळी पानं. रॉन दर वर्षी श्रीखंड-पुरीला यायचा. त्या दसऱ्याला तो हातात एक लांब पेटी घेऊन आला.

"तुम्ही आज हत्यारांना नमस्कार करता ना," तो म्हणाला, "म्हणून गॅरीची आणली. तो गेल्यापासून उघडली नाहीये."

पेटी उघडली. खटक्याला कुलूप, लाकडावर ओरखडे, पट्टा झिजलेला. काका वाकले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "थ्री नॉट थ्री."

"थ्री-ओ-थ्री," रॉन म्हणाला.

"तेच."

रॉन जमिनीकडे बघत म्हणाला, "बॅल, ती तुझी. लायसन आहे तुझ्याकडे. अभ्यास पुरा झाला नसेल तर नंतर कर."

काकूंनी पुढे होऊन तिच्या लाकडावर हळद-कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि काकांना म्हणाल्या, "गॅरीचे बूट चालले, तशी हीपण चालेल." काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

नोव्हेंबरात दोघे गेले. तिथे काय घडलं ते मी काकांकडून ऐकलं, त्याच सोफा-कम-बेडवर अवघडून बसून.

नियमाप्रमाणे भगव्या रंगाचं जाकीट आणि टोपी घालून दोघे पहाटे झाडाखाली बसले. काकांच्या टोपीत काकूंनी झेंडू खोवला होता, तो त्या रंगात दिसतही नव्हता. बराच वेळ काही नाही. मग फांद्या हलल्या आणि एक शिंगाळा नर मोकळ्यावर आला, थेट त्यांच्यासमोर. रॉनने हळूच रायफल वर केली. काकांकडे बघितलं आणि डोळ्यांनी म्हणाला, तू घे. काकांनीही रायफल वर केली. हरीण मान वळवून त्यांच्याकडेच बघत उभं.

"आणि मेधा, मला काय झालं मला कळलं नाही," काका म्हणाले. "मी ओरडलो, हाड्!"

"काय?"

"हाड्. कुत्र्याला म्हणतो तसं."

त्यांचा आवाज मी सांगितलाच आहे. हरीण उडालं, तळ्यावरची बदकं उडाली, आणि म्हणे पलीकडच्या कॅम्पातल्या माणसाने दार उघडून बघितलं. मग जंगलात अशी शांतता पसरली की काकांना वाटलं, मैत्री संपली. चाळीस वर्षांचा सोबती आपण एका शब्दात घालवला. ते रॉनकडे बघेनात. रॉनने सावकाश रायफल खाली केली, गोळी काढली, खिशात ठेवली.

"तो शब्द काय होता?" रॉनने विचारलं.

काकांनी सांगितला. अर्थही सांगितला. रॉनने तो दोन-तीनदा पुटपुटून पाहिला आणि मग तो हसायला लागला. इतका हसला की नवा खुबा हाताने दाबून बसला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "हरीण तसंही लहानच होतं." काका म्हणाले, ते घोड्याएवढं होतं.

आठवडाभर दोघे राहिले. काकांनी खिचडी केली, आचारी म्हणून नव्हे, आपली पाळी होती म्हणून.

परत आल्यावर रॉनच्या घरी तो एजंट आला. कॅरननेच बोलावला होता. काका तिथे चहा पीत होते. एजंट कॅम्पची किंमत, बाजार, वसंत ऋतू वगैरे सांगत होता. रॉनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाड्."

"हो ना," एजंट मायेने म्हणाला, "इट इज हार्ड. अशा जागा सोडणं कुणालाही जड जातं."

कॅरनने काकांना विचारलं, डॅड नक्की काय म्हणाले? काकांनी चहाचा घोट घेतला आणि सांगितलं, "तो म्हणतोय, विचार करून कळवतो." कॅरन त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिनेच एजंटला त्याचा कोट आणून दिला.

पुढच्या वर्षी मला कॅलगरीला नोकरी मिळाली. मी निघण्याच्या आठवड्यातच त्यांचा नोव्हेंबर आला. सकाळी निरोप घ्यायला गेले तर रॉनचा पिकअप दारात, दोघेही भगवे, काकांच्या टोपीत झेंडू. रायफलीची पेटी काकांनी माझ्यासमोर नीट मागे ठेवली. लाकडावरचं कुंकू अजून गेलेलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं.

"मग काका, अष्टपैलू निघाली का शेवटी?" मी विचारलं.

"शंभर टक्के. सगळ्याला चालते." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "गोळ्या बेसमेंटमध्येच ठेवल्यात. रॉनला बोलू नकोस. त्याला वाईट वाटेल."

मी पाया पडले. मला एकदम रडू आलं, ते त्यांनी बघितलं आणि हातमोज्यांबद्दल काहीतरी सांगत बसले. मग मी पलीकडून वळसा घालून रॉनचा निरोप घ्यायला गेले. रॉनने खिडकीतून माझा हात हातात घेतला, मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाला, "मी माझ्या गोळ्या घरी ठेवल्यात. बॅलला सांगू नको. एवढं लायसन काढलंय त्याने, हिरमुसेल."

पिकअप वळली. काकूंच्या कुंडीत एक खार उकरत बसली होती, तिला दोन्ही खिडक्यांतून एकदमच "हाड्" ऐकू आलं आणि ती पळाली. मी आणि काकू दारात उभ्या राहून त्या दोन भगव्या टोप्या कोपऱ्यापर्यंत बघत राहिलो.

"रॉननेपण घरीच ठेवल्या ना गोळ्या?" काकूंनी विचारलं.

मी पळालेल्या खारीकडे बघायला लागले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि कुंडीतली माती सारखी करायला वाकल्या. "चल आत, चहा घेऊन जा."